आधी आपलं शून्य

आण्णांनी मला खोली दाखवायच्या आधी माझ्या दोन्ही हातांत एकेक पिन दिली. एक तांबडी, एक काळी. दोन्ही पिनांच्या वायरी त्यांच्या मांडीवरच्या काळ्या डब्यात गेल्या होत्या आणि डब्याच्या काचेखाली एक बारीक काटा होता. मल्टिमीटर नावाची वस्तू मी तोवर पाहिलेली नव्हती. शेजारी माझे वडील उभे होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या शाळेत मला नोकरी लागली होती, म्हणून आम्ही सकाळच्या गाडीनं जयसिंगपूरहून खोली बघायला आलो होतो. वडील दचकून म्हणाले, "अहो, शॉक बसेल तिला!"

"आत टॉर्चचा एक सेल हाय, पावणं. शॉक कुठला बसतोय?" वडिलांच्या तोंडाकडं एकदा बघून आण्णांनी नजर परत काट्यावर नेली. काटा जागचा उठला, थोडा पुढं गेला आणि थरथरत थांबला. "हाताला घाम लई हाय. भ्यालासा की ओ बाई. असू दे. भ्यालेला भाडेकरू बरा असतोय, घर जपून वापरतोय." आणि आतल्या दाराकडं तोंड करून ते ओरडले, "अगं ए, बाईंस्नी वरची खोली दाव!"

वडील परतीच्या वाटेवर मला म्हणाले होते, "माणूस जरा सटक आहे. पण बायको चांगली दिसते. राहा." वडिलांचा अंदाज निम्मा बरोबर होता. चार वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्यातली दोन तरी मला आण्णांचा राग येत होता.

आण्णांचं खाली रस्त्याला लागून स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या बाजूला एक पडदा आणि पडद्यामागं त्यांच्या बायकोचं, म्हणजे सगळ्यांच्या वैनींचं, स्वयंपाकघर. रेडिओतले स्पीकर, तालमींच्या गणपतीतले, लग्नातले, देवळातले, सगळ्या राजारामपुरीचे मुके झालेले स्पीकर तिथं यायचे. गिऱ्हाईक पिशवीतून स्पीकर काढायचं आणि सांगायला सुरुवात करायचं, "आण्णा, गुरुवारपासून ह्यो वाजत न्हाय बघा, थोरल्या पोरानं..." की आण्णा हात वर करायचे. "तुम्ही बोलू नका. त्येला बोलू द्या."

मग मीटरची पूजा सुरू व्हायची. वैनींनी जुन्या फलालीनची पिशवी शिवून दिली होती, तिच्यातून मीटर निघायचा. सगळ्यात आधी आण्णा दोन्ही पिना एकमेकींना टेकवायचे. काटा सरसर उजवीकडं जायचा. तो बरोबर शून्यावर आला नाही तर बाजूची बारीक चकती फिरवून आणायचा. दिवसातून पन्नास वेळा स्पीकर तपासला तर पन्नास वेळा हे. एकदा मी विचारलं, "आण्णा, आत्ताच तर बघितलंत शून्य. पाच मिनिटांत काय बिघडतंय?" ते म्हणाले, "आधी आपलं शून्य बघायचं, मग दुसऱ्याला मोजायचं. न्हाईतर फरक आपल्यात असतोय आणि नाव त्येचं खराब हुतंय." मी मराठी शिकवणारी बाई. असलं वाक्य मला सुचलं नव्हतं याचाच मला राग आला.

मग पिना स्पीकरच्या दोन टोकांना टेकायच्या. स्पीकर धड असेल तर आतून बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि काटा थोडा हलतो. आण्णा त्या वेळी डाव्या हाताचं मधलं बोट स्पीकरच्या काळ्या कागदावर अलगद ठेवायचे, वैद्यानं नाडी धरावी तसं. "सात," ते म्हणायचे. "म्हंजे आठ ओहमचा हाय. आठचा स्पीकर मीटरवर आठ कधीच दावत न्हाय. माणसाचं बी तसंच. सांगतोय त्येच्यापरास जरा कमीच धरायचं." आणि काटा हललाच नाही तर पिना बाजूला ठेवून, डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणायचे, "गेला." घरातलं माणूस गेल्यासारखं. गिऱ्हाईकही नकळत दोन मिनिटं गप्प बसायचं.

हा मीटर नुसता स्पीकरपुरता राहिला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आण्णा सगळंच मोजायचे. बंबात घालायचं लाकूड ओलं आहे की वाळलंय, ते पिना टोचून बघायचे. उन्हाळ्यात वैनी गच्चीवर पापड वाळत घालायच्या आणि आण्णा चोरपावलांनी वर येऊन एकेका पापडाला पिना लावायचे. "अजून वल हाय. उद्या काढ." त्या वर्षीचे सगळे पापड दोन-दोन भोकांचे होते. वैनी बडबडायच्या, "तळताना तेल आत घुसतंय की ओ! लोक इचारत्यात, वैनी, पापडाला बटनं लावायची हाईत काय?" आण्णा शांतपणे म्हणायचे, "व्हय की."

"व्हय की" हे त्यांचं बहुतेक प्रश्नांचं उत्तर होतं. दूध आलंय का विचारा, "व्हय की." पाऊस पडेल का विचारा, "व्हय की." आणि ते बोलायचे केवढ्यानं! माझ्या खोलीत वह्या तपासताना खालचं एकूण एक वाक्य मला ऐकू यायचं. पण कोल्हापुरात मोठ्यानं बोलण्याचं कुणाला काय वाटायचंय? सगळंच गाव एकमेकांशी दोन गल्ल्या पलीकडून बोलल्यासारखं बोलतं.

गल्लीत त्यांच्याबद्दल आणखी एक गंमत प्रसिद्ध होती. दुरुस्त झालेला स्पीकर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी आण्णा तो मशीनला जोडून मिनिटभर वाजवायचे. त्या मिनिटात ते स्पीकरकडं बघत नसत, गिऱ्हाइकाकडं बघत नसत, पडद्याकडं बघत असत. पडद्याच्या फटीत वैनी उभ्या असायच्या. त्यांच्याकडं बघूनच आण्णा "घ्या" म्हणायचे, नाहीतर "उद्या या" म्हणायचे. तालमीतली पोरं म्हणायची, "आण्णांस्नी वैनीस्नी इचारल्याबिगर स्पीकर बी देता येत न्हाय." बायकोच्या धाकातला माणूस म्हणून सगळे त्यांना चिडवायचे. आण्णा हसायचे. मीही हसायची, हे आता कबूल करते.

एका रविवारी सकाळी मी न्हाऊन केस वाळवत होते आणि खालून असली किंचाळी उठली की माझ्या हातातली फणी पडली. माईक आणि स्पीकर समोरासमोर आले की कानात सुई घातल्यासारखी जी शिट्टी वाजते, ती. थांबेना. समोरच्या घरातली माणसं कानावर हात ठेवून दारात आली. मी तशीच ओल्या केसांनी जिना उतरले. दुकानात माईक स्पीकरच्या पुढ्यात कलंडून पडला होता, शिट्टी सगळी गल्ली डोक्यावर घेत होती, आणि आण्णा त्या दोन्हींना पाठ करून एका स्पीकरच्या वायरीला शांतपणे कथलाचा डाग देत बसले होते. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. अगदी समाधानात.

मी बटण बंद केलं. माझी सावली पडली म्हणून आण्णांनी वर पाहिलं. "काय ओ बाई? चहा झाला?"

नळावरून वैनी धावत आल्या, हातात तशीच घागर. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी ओळखलं. मला हाताला धरून पडद्याआड नेलं.

"उजवा कान पार गेलाय," त्या म्हणाल्या. "डावा बी आता नावालाच हाय. कुस्त्यांची मैदानं, जत्रा, रात-रात कर्ण्याखाली बसून काढल्या न्हवं. सात वर्सं झाली. कुणाला बोलू नका, बाई. बहिरा माणूस स्पीकर काय दुरुस्त करणार, म्हणतील लोक. झाकली मूठ हाय ही. ती उघडली की दुकान मिटलं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. 'टक्' आण्णा बोटानं ऐकत होते. लोकांना बोलू देत नव्हते, कारण ओठ बघून कळेल तेवढंच, घाईनं बोललेलं कळत नव्हतं. पण एक आजार मीटरलाही कळत नाही आणि कधी कधी बोटालाही नाही. स्पीकरच्या आतली कॉईल कडेला जराशी घासत असते. काटा सात दाखवतो, टक् होतं, आणि वाजवायला घेतलं की आवाज खरखरतो. तो फक्त कानालाच कळतो. म्हणून शेवटच्या मिनिटाला वैनी पडद्यात उभ्या राहायच्या. आवाज साफ असला की पदर डोक्यावर घ्यायच्या. घासत असला की पदर कमरेला खोचायच्या. सात वर्षं राजारामपुरीतला एक-एक स्पीकर या बाईच्या पदरावरून पास झाला होता आणि आम्ही तिच्या नवऱ्याला बाईलबुद्ध्या म्हणत होतो.

मी त्या दिवशी कानाला खडा लावला. पण त्यानंतर मला आण्णांचा राग यायचा तो वेगळाच. हा माणूस सरळ सांगून का टाकत नाही, म्हणून.

माझं दुसरं वर्ष सरत आलं तेव्हाची गोष्ट. शाळेचं स्नेहसंमेलन जानेवारीत होतं आणि व्यवस्था माझ्याकडं होती. त्या काळात दोन वर्षं नीट गेली की मगच कायम करायचे, आणि माझ्या कायम होण्याचा कागद आमच्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, टेबलावर पडला होता. जयसिंगपूरला वडील निवृत्त झालेले, धाकटा भाऊ शिकत होता. नोकरी गेली तर मी काय करणार होते, याचा विचारसुद्धा करवत नव्हता. अशा वेळी शहाण्या माणसानं स्पीकर कुठल्याही मोठ्या दुकानातून मागवला असता. मी आण्णांचं नाव सुचवलं. आणि नेमकी संमेलनाच्या दोन दिवस आधी वैनींची बहीण आजारी पडली. वैनी हातकणंगल्याला निघाल्या. जाताना पिशवी हातात घेऊन मला म्हणाल्या, "पदराचं तेवढं बघा, बाई."

"बघते की," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

संमेलनाच्या दिवशी आण्णांनी स्पीकरच्या तीन पेट्या आणल्या. दोन लावायच्या, एक जादाची. पेट्यांना पुढून जाड कापड ताणून बसवलेलं, त्यामुळं बोट आत जात नव्हतं. वायरीच्या टोकाला मीटर लावून आण्णांनी तिन्ही तपासल्या. तिन्ही सात. मग पाच वाजता मंडपात एकेक पेटी वाजवून बघायला घेतली. मी रंगमंचाच्या कडेला उभी. पहिली पेटी वाजली. साफ. मी पदर डोक्यावर घेतला. आण्णांनी मान हलवली आणि दुसरी जोडली.

तेवढ्यात आमचा शिपाई ओरडत आला, "बाई, पाहुण्यांची खुर्ची न्हाई आणि बाकडी आडवी पडल्यात!" मी पदर कमरेला खोचला आणि बाकडी उचलायला धावले.

माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. पदर खोचल्याशिवाय कोणती बाई बाकडं उचलते? पण मंडपाच्या त्या टोकाला आण्णांनी ते पाहिलं, आणि चांगली ठणठणीत दुसरी पेटी काढून ठेवली. तिच्या जागी जादाची लावली. मीटरवर सात दाखवणारी आणि आतून घासणारी ती हीच. ती मिनिटभर वाजवून ते माझी वाट बघत राहिले. मी बाकडी लावली, खुर्ची आणली, मुलींच्या वेण्या घातल्या, आणि पंधरावीस मिनिटांनी मंचाजवळ आले. तोवर थंडी पडली होती. माझे कान थंडीत दुखतात. मी पदर डोक्यावरून घेऊन कानांभोवती गुंडाळला.

आण्णांनी दुरून समाधानानं मान हलवली. मीही हलवली. मला वाटलं, ते नमस्कार करतायत.

पाहुणे निवृत्त अधिकारी होते आणि शिस्त या विषयावर बोलायला उभे राहिले. डाव्या पेटीतून त्यांचा आवाज येत होता आणि उजव्या पेटीतून फुटक्या डब्यात खडे हलवल्यासारखा दुसराच कुणीतरी बोलत होता. पोरं फिदीफिदी हसायला लागली. पाहुण्यांना वाटलं आपलाच घसा बसलाय. ते खाकरले. पाणी प्यायले. "शिस्त म्हणजे," म्हणाले, आणि परत पाणी प्यायले. तिसऱ्या वेळी तांब्या रिकामा झाला. पहिल्या रांगेत संस्थेचे सेक्रेटरी लालबुंद होऊन बसले होते. मी मंचाच्या कडेवरून आण्णांकडं डोळे वटारून बघत होते. काय हा माणूस, म्हटलं, बसून काय राहिलाय! आण्णा माझ्याकडं बघून गोड हसले आणि त्यांनी पुन्हा मान हलवली.

तेव्हा कुठं माझा हात डोक्याकडं गेला.

सगळ्या शाळेसमोर मी डोक्यावरचा पदर ओढून काढला आणि तलवार खोचावी तसा कमरेला खोचला. आण्णा उडालेच. पाहुण्यांचं वाक्य अर्धं असताना त्यांनी वायर उपटली. मंडप चिडीचूप. आणि त्या शांततेत या गृहस्थानं काय करावं? पिशवीतून मीटर काढला, दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या आणि काटा शून्यावर येतो का ते बघितलं. पाहुणे माईकसमोर तोंड उघडं ठेवून उभे. मग आण्णांनी दुसरी पेटी मोजली, जोडली, माझ्याकडं पाहिलं. आवाज आला, साफ. मी पदर डोक्यावर घेतला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांना वाटलं आपल्यासाठीच.

कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरी आण्णांच्या पाठीमागं उभं राहून गरजले, "एवढा वेळ ह्या माणसाला ऐकू येत नव्हतं काय?"

आण्णा वायर गुंडाळत राहिले. त्यांना अर्थातच ऐकू आलं नव्हतं.

"सर, माझी चूक," मी पटकन म्हणाले. "माझ्या पायात येऊन वायर सैल झाली."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. पाहुण्यांचा अपमान झाला, संस्थेची शोभा झाली, लेखी खुलासा द्या. त्यांनी टेबलावरच्या माझ्या त्या कागदावर दौत ठेवली होती. "हा सध्या राहू दे इथंच," म्हणाल्या.

संध्याकाळी मी आण्णांच्या समोर बसून, त्यांना ओठ दिसतील असं सावकाश सगळं सांगितलं. ते ऐकत, म्हणजे बघत राहिले.

"खुलाशात काय लिवणार?"

"वायर सैल झाली होती म्हणून."

आण्णांचा चेहरा असा काही पडला की मला वाटलं आता रडतात. "वायर सैल? माझी? बाई, मी जन्मात सैल वायर जोडली न्हाय. माझ्या जोडणीला नाव ठेवतासा?"

"मग काय लिहू? तुम्हाला ऐकू येत नाही असं लिहू? दुकान मिटेल तुमचं!" मी ओरडले. आता ओरडून उपयोग नव्हता तरी ओरडले. मला रडूही आलं.

ते बराच वेळ मीटरची पिशवी चाचपत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं, "चूक तुमची न्हाय, माझी. तुम्हाला आणि मला पिना टेकवून आधी शून्य बघायला पायजे हुतं. खोचलेला पदर म्हंजे घासतोय का बाकडं उचलायचं हाय, ह्ये आपलं ठरलंच न्हवतं. मी तसाच मोजाय गेलो."

सकाळी मी शाळेत गेले तर मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर आण्णांच्या चपला. आत आण्णा. लग्नात घालायचा काळा कोट, डोक्यावर टोपी आणि काखेत मीटर. सेक्रेटरीही बसलेले. मला दारातच थांबवून आण्णा म्हणाले, "ह्या बाईंनी वायर ओढली न्हाय. वायर घट्ट हुती. मला ऐकू येत न्हाय. सात वर्सं झाली. माझी मंडळी पदरानं सांगती, तवा मला कळतंय. त्या दिवशी ह्या बाई तिच्या जागी हुत्या. मी बघण्यात चुकलो. खुलासा माझा घ्या, त्येंचा नको."

सेक्रेटरी त्यांच्या भागातल्या तालमीचे कारभारी होते, दरवर्षी गणपतीचा स्पीकर आण्णांचाच. ते सावरून म्हणाले, "म्हंजे सात वर्सं आमच्या गणपतीला बहिऱ्या माणसानं स्पीकर लावला?"

आण्णांनी त्यांच्या ओठांकडं नीट पाहिलं. "व्हय. एकदा तरी घासला का? सांगा की."

सेक्रेटरींनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं, हे मी त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली. मोठ्या बाईंनी मी रात्री लिहून आणलेला खुलासा माझ्या हातातून घेतला, वाचला आणि परत दिला. "हे खोटं आहे. मराठीच्या शिक्षिकेनं इतकं वाईट खोटं लिहू नये." आणि टेबलावरच्या त्या कागदावरची दौत त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या राजारामपुरीला कळलं होतं. या कानाचं त्या कानाला जायला आमच्याकडं वेळ लागत नाही. दुकानातलं बाकडं आठवडाभर रिकामं राहिलं. दोन मंडळं पलीकडच्या नव्या दुकानात गेली. मी जिन्यावरून येता-जाता मान खाली घालायची. एका माणसानं माझी नोकरी वाचवायला स्वतःची झाकलेली मूठ उघडली होती, आणि त्याबद्दल त्याला काय म्हणावं हे मला सुचत नव्हतं. शेवटी एकदा "आण्णा, तुमचे फार उपकार झाले" असं म्हणाले, तर "व्हय की" म्हणाले. त्यांना ते कळलं होतं की नव्हतं, देव जाणे.

वैनी हातकणंगल्याहून आल्या त्या भडकूनच आल्या. गाडीतच कुणीतरी बातमी दिली होती. "सात वर्सं पदर वर-खाली करून माझा हात भरून आला, आणि तुम्ही एका दिवसात सांगून मोकळं झालासा!" वैनींनी पिशवी आपटली, आत गेल्या. जरा वेळानं पडदा बाजूला झाला आणि त्या स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेऊन बाहेर आल्या. आण्णांच्या शेजारी, रस्त्याकडं तोंड करून त्यांनी स्टूल मांडलं आणि पदर नीट करून त्यावर बसल्या. "आता कशाला पडद्याआड? सगळ्यांस्नी ठावं झालंच हाय."

सगळी गिऱ्हाइकं परत आली असं मी म्हणणार नाही. पण आली. सगळ्यात आधी सेक्रेटरी आले, तालमीचा स्पीकर घेऊन. गिऱ्हाईक आता विचारायचं, "वैनी, कसा वाजतोय?" वैनी मान तिरकी करून ऐकायच्या आणि तोंडानं निकाल द्यायच्या. पण आण्णांसाठी पदर होताच. सात वर्षं त्या बाईनं पडद्याच्या फटीत उभ्यानं काढली होती. तिला बसायची जागा मिळायला आधी हे सगळं व्हावं लागलं.

पुढं माझं लग्न झालं, मी परत जयसिंगपूरच्या बाजूला आले. कोल्हापूरला गेले की दुकानात जायचीच. काही वर्षांनी वैनी गेल्या. मला कळलं तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी गेले. घरोघरी टेपरेकॉर्डर झाले होते, दुकानात ते रचून ठेवलेले. आण्णा वाळले होते. आता डावा कानही पूर्ण गेलेला. शेजारी स्टूल तसंच होतं, पुसून लख्ख, आणि त्यावर कुणी बसत नव्हतं. मी समोरच्या बाकड्यावर बसले. एक तरुण गिऱ्हाईक दुरुस्त झालेला स्पीकर न्यायला आलं होतं. आण्णांनी शून्य बघितलं, पिना लावल्या, कागदावर बोट ठेवलं. सात. मग स्पीकर टेपला जोडला आणि सवयीनं त्यांची नजर स्टुलाकडं गेली. क्षणभर तिथंच राहिली. मग ती त्या पोराकडं वळली.

स्पीकर घासत होता. स्पष्ट खरखर. पोरानं माझ्याकडं ओशाळून पाहिलं आणि आण्णांना हातानं खूण केली, एकदम झकास. तो स्पीकर उचलायलाही निघाला. मी त्याला हळूच विचारलं, "अहो, हा खरखरतोय की!"

"ठावं हाय ओ ताई," तो तोंड फिरवून म्हणाला. "वैनी गेल्यापास्नं असंच हाय. आम्ही कोणच काय बोलत न्हाय. घेऊन जातो आणि दुसरीकडनं करून आणतो. म्हातारं माणूस हाय, कशाला दुखवायचं?"

आख्खी गल्ली प्रेमानं त्या माणसाशी खोटं बोलत होती. मीही बोलले असते. दोन मिनिटांचा प्रश्न होता, पदर डोक्यावर घ्यायचा आणि निघायचं. माझा हात वरसुद्धा गेला होता. पण मला तो काळा कोट आठवला, आणि "वायर घट्ट हुती" म्हणतानाचा तो चेहरा.

मी उठले. बाकडं ओलांडून गेले आणि वैनींच्या स्टुलावर बसले. आण्णा माझ्याकडं बघत होते. मी पदर घेतला आणि कमरेला खोचला.

त्यांनी आधी बाकड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घासतोय?" त्यांनी विचारलं. "का काय उचलायचं हाय?"

"घासतोय, आण्णा," मी ओठ नीट हलवून म्हणाले.

पोरगं उगीच दुसरीकडं बघायला लागलं. आण्णांनी त्याच्या हातातून स्पीकर काढून घेतला. "झकास म्हंतासा व्हय, पावणं? उद्या या." मग त्यांनी डोळे पुसले, मीटर पुढं ओढला, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काटा शून्यावर आणला आणि स्पीकर पुन्हा उघडायला घेतला. "ह्ये झालं की आणखी चार हाईत," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "बसा."

माझी जयसिंगपूरची गाडी त्या दिवशी चुकली.